आतलं मशीन

देवीने जत्रेची तारीख दिली की कट्टा गावच्या बाजारात ती सगळ्यात आधी सुगंधाला कळायची. भटजींना, मुंबईच्या चाकरमान्यांना, खुद्द तिच्या नवऱ्याला, सगळ्यांना नंतर. देवळात कौल झाला की देवीपुढे गाऱ्हाणं घालणारे बाबली गावकर मोटरसायकलवर टांग टाकून थेट एस.टी. स्टँडसमोरच्या तिच्या छापखान्यात येत आणि पायरीवरूनच ओरडत, "गो सुगंधा, गावली तारीख!" त्यानंतर श्वास घ्यायला फुरसत नसे. दुसऱ्या सकाळी जत्रेची पहिली पत्रिका देवीच्या पायाशी ठेवायची आणि मग ती गावोगाव जायची. कौल झाल्याशिवाय तारीख छापायची नाही आणि तारीख फुटल्यावर दिवस घालवायचा नाही, अशी इथली रीत. मुंबईवाल्यांची गाडीच्या तिकिटांसाठी झुंबड उडते, त्यांना थांबवून कसं चालेल?

हा मान सासऱ्यांच्या वेळेपासून या छापखान्याचा होता. सासरे शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापत. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याचं सगळं लक्ष काजूच्या बागेत, म्हणून सासऱ्यांनी सुनेच्या हातात खिळे दिले. पुढे संगणक आला. त्यातली अक्षरं सुगंधाच्या डोळ्यांना सपक वाटायची, तेव्हा तिने सासऱ्यांच्या खिळ्यांवर बेतून एकेक वेलांटी, एकेक रफार नव्याने घडवला. देवीचा मुखवटा स्वतः चितारला. भोवती सुरंगीच्या कळ्यांची वेल काढली. माउस धरून धरून मनगट सुजलं होतं तिचं. पण नंतर लोक लांबून कागद बघून म्हणायचे, "ही सुगंधाची पत्रिका." तिला दुसरं काही नकोच होतं.

पंचाईत एकच. ते सगळं काम ज्या जुन्या प्रोग्रामात केलेलं, तो नव्या संगणकावर चालेना. त्यावर तोड काढली निलेशने. निलेश म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेचा, जानकीवन्संचा मुलगा. बारावीत गचकला तेव्हा मामीनेच त्याला दुकानात बसवलं, माउस धरायपासून शिकवलं. पोरगा हुशार निघाला. कुडाळला संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं त्याने. त्याने नव्या संगणकात असं एक सॉफ्टवेअर घातलं की पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत सुगंधाचा जुना संगणक जसाच्या तसा सुरू व्हायचा. तीच जुनी खिडकी, तेच जुने फोल्डर, तीच तिची अक्षरं. सुगंधा त्याला 'आतलं मशीन' म्हणायची. ते अख्खं मशीन म्हणजे खरं तर एक भलीमोठी फाइल, असं निलेशने समजावलं होतं. "मामी, एक कॉपी माझ्याकडे ठेवतंय," तो तेव्हा म्हणाला होता. "कधी काय झाला तर तुका व्हयी पडतली." तिला भरून आलं होतं. एवढी काळजी पोटचा पोर तरी घेतो का, असं जानकीवन्संना तिने मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. त्यानंतर स्वतः दुसरी कॉपी काढून ठेवावी हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

यंदाची तारीख गावली त्या सकाळी बाबली गावकर पायरीवरून ओरडले, सुगंधाने हात जोडले, संगणक सुरू केला, आणि बघते तो काय, पडदा निळा. आदल्या रात्री संगणकाने आपल्या मनानेच अपडेट घेतलं होतं. घेताना आतलं मशीन उघडं आहे, त्यात सुगंधाचं काम आहे, याची त्याला काय पडलीय? स्वतःच बंद झाला, स्वतःच सुरू झाला आणि वर निर्लज्जासारखा 'आपले स्वागत आहे' म्हणून मोकळा! हे अपडेट ज्याने काढलं त्याला एकदा ऐन जत्रेच्या तोंडावर आमच्या बाजारात आणून बसवलं पाहिजे.

आतल्या मशीनचा प्रोग्राम उघडेचना. या संगणकावर हे चालणार नाही, असं इंग्रजीत ठणकावून सांगत होता. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि दोष काय तर संगणकाचाच! तिने निलेशला फोन लावला.

"मामी, घाबरा नको," तो म्हणाला. "कौल झालो काय?"

"झालो रे. त्याच गडबडीत आसंय." आणि तिने तारीख सांगितली.

निलेश फोनवरून सांगत गेला, ती करत गेली. जुना प्रोग्राम काढून टाकला, नवा घातला. तरी नाही. मग संगणक बंद करून, सुरू होताना एक बटण धरून, आतल्या खोल सेटिंगमध्ये शिरायचं होतं. तिथे मराठी नाही, माउस नाही, नुसती निळी-पांढरी यादी. बाबली गावकर स्टुलावर बसून चहा पीत तिच्याकडे बघत होते. आतलं मशीन चालवायची सोयच तिथे बंद होती, ती तिने चालू केली. तरी नाही. शेवटी अपडेटने येताना एक नवीच सुरक्षा चालू करून ठेवल्याचं निघालं. ती बंद केली, पुन्हा सगळं सुरू केलं, आणि चौकट उघडली! सुगंधा टाळी वाजवणार होती.

पण चौकट काळीच राहिली. मध्येच बंद पडल्यामुळे आतल्या मशीनची फाइलच खराब झाली होती. घराचं दार उघडलं, पण आत घर उरलंच नव्हतं.

"निलेशा, तुझ्याकडली कॉपी पाठव मरे," ती म्हणाली.

तो म्हणाला, "ती जुनी आसा मामी... काम होतला काय तिच्यात?"

"जुनी तर जुनी. अक्षरां आसत मा माझी? देवीचा काम आसा, झिला."

देवीचं काम म्हटल्यावर या मुलखात कुणाची नाही म्हणायची छाती होत नाही. पत्रिका अडली आणि ती आपल्यामुळे अडली, हे उद्या कुणी बोललं नाही तरी देवी बघते, हे निलेशला काय कळत नव्हतं? "पाठवतंय," तो म्हणाला. कसालमार्गे येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे त्याने पाकीट दिलं. आमच्याकडे औषधांपासून भाकरीच्या डब्यापर्यंत सगळं कंडक्टरच्या हातून जातं, तसा पेनड्राइव्हही आला. बाबली गावकर तोवर जेवून यायला घरी गेले होते.

सुगंधाने फाइल उतरवून घेतली, चौकट सुरू केली. तीच जुनी खिडकी, तीच मागची तसबीर. तिने मनोमन निलेशला शंभर आशीर्वाद दिले.

मग तिला फोल्डर दिसले. तिने कधी न केलेले.

ही कॉपी दोन-तीन वर्षं कपाटात निजून असायला हवी होती. पण हिच्यात तर गेल्या आठवड्यापर्यंतची कामं होती. शेजारच्या गावाची पत्रिका, जी गेल्या साली तिच्याकडे आली नव्हती. ती बघून बाजारात कुणी "बरी केलंस गो" म्हणालं, तेव्हा सुगंधाला वाटलं होतं, माणसाची काहीतरी गफलत झालीय. कट्ट्यातल्याच एका लग्नाची पत्रिका. मुलीचा बाप तिला तोंडावर म्हणाला होता, "मुंबयतसून छापून हाडली." सगळीकडे तिची सुरंगीची वेल, तिची वेलांटी, आणि खाली बारीक अक्षरात निलेशच्या दुकानाचं नाव. तेही तिच्याच अक्षरात!

एक फोल्डर देवीच्या नावाचं होतं. तिने उघडलं. यंदाच्या जत्रेची पत्रिका तयार होती. मुखवटा, वेल, मानकऱ्यांची नावं, सगळं जिथल्या तिथे. फक्त तारखेची जागा मोकळी, आणि खाली कुडाळचं दुकान.

परक्याने लुबाडलं असतं तर तिने दुकानाबाहेर येऊन त्याचा उद्धार केला असता, सगळा बाजार गोळा झाला असता. हा घरचा. ह्याला तिने जेवू घातलेलं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तिने फोन लावला. "निलेशा, कॉपी उघडली."

"बरा झाला मामी," तो हलकेच म्हणाला.

"देवीची पत्रिका पण करून ठेवलंस? माझो मान व्हयो होतो तुका?"

"तसा नाय मामी... लोक येतत, म्हणतत, सुगंधामामीसारखी करून दी. मी काय सांगू?"

"माझ्याकडे धाडूचा होता."

"मामी, मी चोरलंय काय? तुझा मशीन तुझ्याकडेच होता मा? तुझा काय गेला?"

पैशांची पेटी उचलली असती तर पेटी गेली असं म्हणता येतं. विहिरीचं पाणी चोरलं तर विहीर उतरलेली दिसते. इथे तर तिची वस्तू तिच्यापाशी होती आणि तरी ती लुटली गेली होती. काय गेलं ते तिला नेमकं ठाऊक होतं, पण त्याला सांगता येईल असा शब्द काही तिला सापडेना.

"सकाळचा अपडेट तरी तूच केलंस काय?" ती म्हणाली.

"नाय गो मामी! देवीची आण!"

यावर तिचा विश्वास बसला. त्याने तिला फसवलं होतं, पण देवीची खोटी आण तो घेणार नाही. तिने फोन ठेवला.

कॉपी समोर चालू होती. तारीख टाकायची आणि खालचं नाव बदलायचं, एवढ्यात पत्रिका झाली असती. सुगंधाने माउसवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. स्वतःच्या घरात परक्याची भांडीकुंडी मांडलेली बघावी आणि त्याच चुलीवर देवीचा नैवेद्य शिजवावा, तसं तिला झालं. नकोच ते! तिने चौकट बंद केली आणि ती फाइल पुसून टाकली. पेनड्राइव्ह पाकिटात घालून परतीच्या एस.टी.च्या कंडक्टरला दिला.

बाबली गावकर आले तेव्हा ती बाहेरच्या, उघड्या मशीनवर बसली होती. तिथे सगळ्या जगाकडे असतात तीच अक्षरं.

"काय गो, झाला काय दुरुस्त?"

"नाय झाला, बाबलीकाका. नव्यान टायपतंय. मानकऱ्यांची नावां माका रांगेन सांगा. एक पण मागेफुडे झाला तर तुमचीच भांडणां."

निलेशचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर जानकीवन्संचं माहेर तुटलं असतं, आणि घरातलं उणंदुणं गावकरापुढे मांडायची तिची रीत नव्हती. सगळं एकटीने गिळायचं होतं, ते तिने गिळलं.

मानकऱ्यांची रांग गावकरांच्या तोंडात असते ती गाऱ्हाण्याच्या चालीत. नुसती सांगा म्हटलं तर सांगता येत नाही. तेव्हा बाबली गावकर स्टुलावरून उठले, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालू लागले. प्रत्येक घराण्याच्या नावापाशी ते थांबत, सुगंधा टाइप करी आणि "होय म्हाराजा" म्हणे. दारात माणसं जमली. हसायलाही लागली. सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते भक्तीचं आहे असं सगळ्यांनी धरलं.

पत्रिका वेळेत झाली. स्वच्छ, बिनचूक, आणि अगदी कुणाचीही असावी तशी. वेल नाही, मुखवटा नाही. खाली तिचं नाव होतं.

सकाळी ती स्वतः पत्रिका घेऊन देवळात गेली. बाबली गावकरांनी पत्रिका देवीच्या पायाशी ठेवली, गाऱ्हाणं घातलं. गावकऱ्यांनी एकेक कागद हातात घेतला. एका म्हाताऱ्याने कागद उलटून मागची बाजूही बघितली.

तेवढ्यात कुणीतरी कुडाळहून आलेला गठ्ठा सोडला. मुंबईच्या मंडळाने आपल्यापुरत्या वेगळ्या पत्रिका छापून घेतल्या होत्या. तारीख नेमकी होती. ती निलेशला तिनेच सांगितली होती. सुरंगीची वेल कागदभर फिरली होती, मधोमध देवीचा मुखवटा, आणि सासऱ्यांच्या खिळ्यांची ती वेलांटी. लोक त्या गठ्ठ्यावर तुटून पडले.

बाबली गावकरांनी एका हातात ही धरली, एका हातात ती. माणूस मनाचा सरळ. सुगंधाला दुखवावं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. कुडाळची पत्रिका तिच्यापुढे धरून ते कौतुकाने म्हणाले, "रागाव नको गो, पण ही बघ जरा. ह्येका म्हणतत सुगंधाची पत्रिका!"

सुगंधाने ती हातात घेतली. वेलीवरून बोट फिरवलं.

"होय काका," ती म्हणाली. "ही माझीच."

सगळे खळखळून हसले. बाबली गावकरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. सुगंधा थट्टेत हार मानते आहे, असंच सगळ्यांना वाटलं.