सोनामावशीचं पाण्याखालचं माहेर

सोनामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत, शाळेच्या परिपाठाला उभी होते. मावसभाऊ एवढंच म्हणाला, "आई सकाळी उठलीच न्हाई." सव्वा महिना होऊन गेला... अजूनही तिच्याविषयी बोलताना माझ्या तोंडी 'मावशी म्हणते', 'मावशी सांगते' असंच येतं.

सोनामावशी माझ्या आईची थोरली बहीण. दोघींचं माहेरचं गाव पूर्णा नदीच्या काठावर होतं. येलदरीचं धरण बांधायला काढलं तेव्हा मावशी नुकतीच लग्न होऊन शेजारच्या गावी नांदायला गेली होती. सासरची सगळी माणसं धरणाच्या कामावर, म्हणून तीही जाऊ लागली. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मुरमाची पाटी आणि समोर चढ. भिंत जशी वर जाई तसा चढ वाढे, आणि वर पोचलं की तिला माहेर दिसे... लिंबाची झाडं, देवळाचा कळस, घराचं धाबं. हे सारं पाण्यात जाणार हे सगळे सांगत होते, पण एवढी मोठी नदी अडेल हेच तिला खरं वाटत नव्हतं.

आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ते खरं वाटलं होतं. आपली लेक त्या भिंतीवर पाट्या वाहते हे कळलं, त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. गाव उठलं, नवी वस्ती बसली, धरणाच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली, आबांच्या घरातही दिवा लागला... तरी नाही. शेवटच्या दुखण्यात ती त्यांच्या उशाशी बसून होती. त्यांनी कूस बदलली ती बदललीच, आणि तसेच गेले.

मग एका दुष्काळात धरण तळाला गेलं आणि बुडालेलं गाव वर आलं. मावशीची सत्तरी उलटली होती. मला सोबत घेऊन ती भेगाळलेल्या गाळातून चालत निघाली. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. विहिरीचा कठडा ओळखू आला आणि त्यापुढं तिच्या घराचं जोतं. ती आत गेली, एका कोपऱ्यात बसली, हातानं गाळ सारखा केला. मग हळूच म्हणाली,

"आबा, मी सोना. पाणी सरलंय. आता तरी बोला माझ्यासंगं."

मी लांब जाऊन उभी राहिले.

पुढच्या वर्षी पाणी पुन्हा चढलं. तेव्हापासून मावशी दुपारच्या झोपेत तिकडं जाऊन यायला लागली. बाजार करून आल्यासारखं सांगायची, "गेल्ते घरी. लय गारवा हाय तिथं. पाय मातर भिजत न्हाईत."

आबा भेटतात का, असं मी एकदा विचारलं.

"बोलायलेत... हळूहळू."

परवा तिच्या खोलीत गेले. सुनेनं तिची बाज अजून हलवलेली नाही. खिडकीतून लांबवर पाणी चमकत होतं. मी जरा टेकले आणि डोळा लागला. उन्हानं भरलेली एक गल्ली दिसली, एका ओसरीवर बसलेला म्हातारा माणूस दिसला. आबांना मी कधी पाहिलेलं नाही. तो माणूस घरातल्या कुणाशी तरी बोलत होता, आणि त्याचं बोलणं काही केल्या संपत नव्हतं...