समुद्राला शिस्त लावणारा मामा

माझा मामा गवंडी. गवंड्याने विटा रचाव्यात, चहा प्यावा, घरी यावं. पण आमच्या मामाला जगातलं सगळं कळतं. डॉक्टरांकडे गेला की त्यांनाच औषध सांगतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसून न्हाव्याला कात्री धरायला शिकवतो. आई गेल्यापासून मी मामा-मामीकडेच राहते, त्यामुळे हे सगळं ज्ञान मला घरबसल्या फुकट मिळतं.

आमची गल्ली मोठ्या रस्त्यापासून उतरत उतरत खाडीपाशी जाते आणि तिथलं शेवटचं घर मामाचं. पूर्वी वर्षातून एखादं मोठं उधाण आलं की भरतीचं पाणी गल्लीत डोकावून जायचं. आता समुद्रच वर चढलाय. आभाळात ढगाचा पत्ता नसला तरी पाणी आपलं दारात हजर.

यावर मामाचा इलाज काय? तर उंबरठा उंच करा. त्याने एका घराचा उंबरठा उंच केला, तसं पाणी शेजारच्या घरात शिरलं. मग शेजाऱ्याने मामालाच बोलावून त्याहून उंच उंबरठा घालून घेतला. मग तिसरा आला. असं करता करता अख्ख्या गल्लीत चढाओढ लागली. घरात शिरायचं म्हणजे आधी स्टूल शोधायचं! उंबरठे संपले तेव्हा लोकांनी घरात भराव टाकून वर सिमेंटचा कोबा करून घेतला. जमीन वर आली, छप्पर जिथल्या तिथे. खिडक्या गुडघ्याशी आल्या. आमच्याकडे तर पंखा एवढा जवळ आला की हात वर करून केस विंचरायचे नाहीत, असा मामीचा हुकूमच निघाला.

मामी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. लोकांचे शिवायला आलेले कपडे खाऱ्या पाण्यात भिजले की शिव्या तिने खायच्या. एकदा ती कात्री खाली ठेवून शांतपणे म्हणाली, “अहो, आता एकदा जरी या घरात पाणी तुंबलं ना, तर मी चालले ताईकडे टेकडीवर. आणि कायमची.”

मामा हसला. पण मला कळलं, माणूस टरकलाय. मामीशिवाय त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तोही डोळ्यांवर असताना. म्हणून त्याने गल्लीच्या शेवटी, खाडीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत घालायचं काढलं. गल्लीसाठी म्हणे! कसली गल्लीसाठी? बायको जाऊ नये म्हणून.

भिंतीचं काम चालू असताना नगरपालिकेचा इंजिनीअर बघायला आला. म्हणाला, “काका, खाली भोकं ठेवा आणि त्यांना बाहेरून झडपा लावा. चुकून पाणी आत आलंच तर परत जायला वाट हवी.”

“भोकं ठेवायची तर भिंत कशाला?” मामा म्हणाला. “चाळणच बांधतो की!”

गल्ली फिदीफिदी हसली. इंजिनीअर लाल होऊन निघून गेला.

पुढच्याच मोठ्या उधाणाला वारं सुटलं आणि लाटा भिंतीवरून उड्या मारून आत आल्या. एक आली, दुसरी आली, मग मोजायचं सोडून दिलं. पाणी कोब्यावर चढलं, पलंगाला लागलं. आम्ही शिलाई मशीन उचलून टेबलावर ठेवलं आणि मामी मशीनशेजारी चढून बसली. मामा सारखा सांगत होता, “ओहोटी लागू दे, उतरेल.”

ओहोटी लागली. पाणी काही उतरेना. मामीने टेबलावरूनच वाकून खिडकीतून भिंतीपलीकडे पाहिलं. खाडी पार रिकामी, चिखलात बगळे फिरताहेत. आणि अलीकडे आमची गल्ली काठोकाठ भरलेली.

“अहो,” ती म्हणाली, “समुद्र गेला घरी. पाणी तेवढं तुम्ही ठेवून घेतलंत.”

मग ती खाली उतरली, पिशवी भरली आणि कमरेएवढ्या पाण्यातून चढाकडे चालू लागली. मी मागे धावले. मला म्हणाली, “तू त्यांच्याजवळ थांब. बुडतील मेले.” मला रडूच आलं.

मामाने पहार उचलली आणि स्वतःच्याच भिंतीवर घाव घालायला लागला. समोर राहणाऱ्या हेडबाई, आता निवृत्त पण आवाज अजून शाळेतलाच, खिडकीतून ओरडल्या, “अरे, वेड लागलं का? आमची भिंत आहे ती!”

“बाई, भिंत तुमची आणि पाणीपण तुमचंच,” मामा ओरडला. “दोन्हीतलं एक काय ते ठेवा!”

बाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली. वीट निखळली तसं गढूळ पाणी धो धो खाडीत पडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मामा त्या इंजिनीअरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. “ते भोकांचं काय म्हणत होतास रे बाबा?” पोरगं गुणी, हसलं नाही. दोघांनी मिळून भिंतीत खाली भोकं पाडली, बाहेरून लोखंडी झडपा टांगल्या. बाहेरचं पाणी ढकलायला लागलं की झडप मिटते, आतलं ढकलायला लागलं की उघडते. मग घरोघर जाऊन विजेची बटणं खांद्याच्या वर नेली, लाकडी पलंगांच्या जागी सिमेंटचे ओटे बांधले. पाणी येणार, हे मामाने एकदाचं कबूल केलं. आता त्याच्या जाण्याची सोय करायची होती.

फोनवर मामीला सगळं रंगवून सांगून झालं. ती म्हणाली, “तुमचं बोलणं मी जन्मभर ऐकलंय. उधाणाला येऊन डोळ्यांनी बघेन.”

आणि आली. पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर पाय वर करून बसली. लाटा भिंतीवरून आल्या, घोट्याएवढं पाणी घरात फिरलं. मामाच्या तोंडाचा पट्टा सुरू. मामीची नजर पाण्यावर. मग ओहोटी लागली, झडपा खाडखाड उघडल्या आणि पाणी गेलं. मागे राहिला थोडा चिखल आणि एक संतापलेला खेकडा.

“बघितलंस?” मामाची छाती फुगली.

“बघितलं. पण समुद्र दरवर्षी चढतोय ना? किती वर्षं चालेल हे?”

“आपल्या दोघांना पुरेल. काळजीच नको.”

मामीने माझ्याकडे बोट केलं. “आणि हिला?”

मामाने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. त्याचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला.

मला एकदम भीती वाटली. मामी मात्र उठली आणि पिशवीतले कपडे काढून कपाटात लावायला लागली.

“हे खरं बोललात,” ती म्हणाली. “म्हणून राहते.”