पॅथी म्हणजे पथ्य

ग्रीक भाषेचं आमच्या पॅथीकाकांनी जेवढं नुकसान केलं तेवढं तिच्या कुठल्या शत्रूनेही केलं नसेल, आणि इतक्या प्रेमाने तर नक्कीच नाही. पॅथीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, स्नेही. दोघे कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून आणि दोघांची बिऱ्हाडं डोंबिवलीला एकाच चाळीत. काका एकटे. त्यांचा संसार म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्यांची लाकडी पेटी आणि रद्दीतून आणलेली एक इंग्रजी डिक्शनरी. त्या डिक्शनरीची शेवटची पानं वाळवीने फस्त केलेली, त्यामुळे काकांची इंग्रजी भाषा ‘आर’ अक्षराशी संपायची. पुढचे शब्द त्यांना स्वतःच्या हिमतीवर लावावे लागत, आणि हिंमत तर त्यांच्याकडे भरपूर होती.

त्यांचा सिद्धान्त असा, की इंग्रजीत जिथे जिथे ‘पॅथी’ येते तिथे तिथे आपलं ‘पथ्य’च दडलेलं असतं. होमिओपॅथी म्हणजे होममध्ये पाळायचं पथ्य. (म्हणून कल्याण स्टेशनावर कांदाभजी खाल्ली तर चालते.) अ‍ॅपॅथी म्हणजे अपथ्य. अँटिपॅथी म्हणजे पथ्याशी उघड वैर, आणि याचं उदाहरण म्हणून ते नानांकडे बोट दाखवत. एकदा मी भीतभीत म्हटलं, “काका, तुमच्याच डिक्शनरीत ‘पॅथॉस’ दिलाय. मूळ ग्रीक शब्द, अर्थ दुःख.” काका जराही डगमगले नाहीत. “बरोबरच आहे की! ताटात जिलबी आहे आणि खायची नाही, यापेक्षा मोठं दुःख त्या ग्रीकांना तरी कुठलं माहीत असणार?” मी कॉलेजात शिकत होते, तरी डिक्शनरी मिटून जागेवर ठेवली.

गंमत म्हणजे साऱ्या चाळीला पथ्य सांगणाऱ्या या माणसाला स्वतःला एक दिवस पथ्य पाळायची ताकद नव्हती. त्यात मीठ हा त्यांचा जीव की प्राण. खाडीकाठच्या मिठागरातला कुणी ओळखीचा त्यांना खडेमीठ आणून द्यायचा. ते कुटून त्याची पुडी काका सदऱ्याच्या खिशात बाळगत. पेरूवर मीठ, काकडीवर मीठ, ताकात मीठ. एकदा शेजारच्या बारशाला त्यांना बासुंदीच्या वाटीवर पुडी झटकताना आईने पकडलं, तेव्हा म्हणाले, “वहिनी, गोडाला जरा धार येते.” आईने ती वाटी पुढे कुणाला दिली कोण जाणे, आम्ही पोरांनी मात्र त्या दिवशी बासुंदी आधी बोटाने चाखूनच घेतली.

आणि मग नानांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा विकार सांगितला आणि मीठ पूर्ण बंद केलं. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाले, “मीठ सुटलं नाही, तर माणूस हाती लागायचा नाही.” पण नाना कसले ऐकतात! पहिल्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं, दुसऱ्या दिवशी भिरकावलं, तिसऱ्या दिवशी चोरून लोणच्याच्या बरणीत हात घातला. आई स्वयंपाकघरात बसून रडायला लागली. मलाही काही सुचेना. फार भीती वाटत होती.

त्या संध्याकाळी काका आले. खिशातली पुडी काढून त्यांनी आईच्या हातात ठेवली. “वहिनी, ही सांभाळा. नानाचं मीठ सुरू होईल त्या दिवशी परत द्या. आणि माझं पान याच्या शेजारी मांडा.”

“हे काय नवीन खूळ, लेका?” नाना खेकसले.

“सिंपॅथी,” काका मांडी घालत म्हणाले. “सिम म्हणजे सह, पॅथी म्हणजे पथ्य. दोघांनी मिळून पाळायचं त्याला सिंपॅथी म्हणतात. शिकलेला ना तू?”

अळणी पिठल्याचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला. घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने ते आईला म्हणाले, “वहिनी, मीठ जरा जास्तच झालंय हो!” आठवडाभरात नाना पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता जेवले. त्यानंतर पाच महिने रोज रात्री दोघे शेजारी बसून, पिठल्याला आणि डॉक्टरला मनसोक्त शिव्या देत अळणी जेवले. सूज उतरली. आईने पुडी परत दिली, तेव्हा त्या मिठाचा दगड झाला होता.

मधल्या काळात कॉलेजच्या लायब्ररीत मी धड डिक्शनरी उघडून सिंपॅथीचा खरा अर्थ उतरवून आणला होता. दुसऱ्याचं दुःख त्याच्याबरोबर भोगणं. आता काकांना गाठायचं म्हणून घरी आले, तर समोर दोघांची पानं मांडलेली. मी चिठ्ठी चुरगळून टाकली. काकांचं चुकलंय कुठे, हेच मला कळेना.

पुढे लग्न होऊन मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ राहायला आले. दोनएक वर्षांत नानांचं पत्र आलं: काकांना रक्तदाबाचा त्रास सुरू झालाय, त्यांचं मीठ बंद केलंय, मी शेजारी बसतोच आहे, पण स्वारी फार खचलीय. मला राहवेना. त्याच दिवसापासून मी माझं पान अळणी वाढून घेतलं आणि काकांना कार्ड टाकलं, “टेली म्हणजे दूर, पॅथी म्हणजे पथ्य. आजपासून टेलिपॅथी.” सासूबाईंना वाटलं, सुनेला डोहाळे लागले.

काका त्यानंतर वर्षभरच होते. त्यांची गोळ्यांची पेटी कुणी नेली ठाऊक नाही. माझ्याकडे त्यांचं उत्तराचं कार्ड तेवढं आहे, थरथरत्या अक्षरातलं, दोनच ओळींचं:

“पोरी, टेलिपॅथी पोचली. आजचं वरण मला चक्क खारट लागलं.”