ओळखीच्या दोन खुणा

आमच्या गणिताच्या सरांना अख्ख्या हैदराबादेत एकही माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नसे, आणि मसावरून त्यांना ओळखता येणार नाही असा विद्यार्थी अजून जन्माला यायचा होता. दहावीच्या अर्जात प्रत्येकाच्या अंगावरच्या दोन ओळखखुणा लिहाव्या लागत. बाकीचे मास्तर हे काम पाच मिनिटांत उरकत, सर त्याला आठवडा लावत. एकेकाला खिडकीच्या उजेडात उभं करायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि बघत राहायचं. वर्गातल्या तेलुगू पोरांना "पुट्टुमच्चा चूपिंचु" म्हणायचे, म्हणजे जन्मखूण दाखव. अर्जात जागा बोटभर, सरांचं वर्णन मात्र असं: 'डाव्या गालावर जन्मजात मस, मसुरीएवढा, वर एक केस.' ज्याच्या अंगावर काहीच सापडत नसे, त्याच्याकडे ते अशा कीवेनं बघत की पोरगं रडवेलं होई.

एकदा बेगम बाजारात मी त्यांच्यासोबत होते. मसाल्याचा दुकानदार "सर, सर" करत पुढे आला नि नाव सांगू लागला. "नाम नक्को बोलो जी," म्हणत सरांनी त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "हां, बेंच पे सोनेवाला तू." बिचारा गिऱ्हाइकांदेखत लाजला, पण हिंग चांगला काढून दिला त्यानं.

मग देश खुला झाला. अमेरिकेला निघालेल्या कॉम्प्युटरवाल्यांची स्थळं येऊ लागली आणि चिक्कडपल्लीत मस जाळून देणारा दवाखानाही निघाला. माझ्या वरच्या ओठावर जन्मापासूनचा मस, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा. दोन स्थळं त्याच्याकडे बघत चहा अर्धा टाकून गेली, तेव्हा आईनं दवाखान्यात वेळ घेऊन टाकली. सरांना कुठून कळलं कोण जाणे, ते थेट मलकपेठेतल्या आमच्या घरी.

"वहिनी, सर्टिफिकेटावर मी ओठावरचा मस लिहिलाय. आता खोडून 'इथे पूर्वी मस होता' असं लिहू?"

"काहीही लिहा, सर. पोरीचं लग्न मला सर्टिफिकेटाशी लावायचं नाहीये."

सर उठले. जाताना मला म्हणाले, "ओठावरचा काढ बाई. मनगटावरचा तेवढा राहू दे. मी म्हातारा झालो की तुला शोधायला एक तरी हवा." मला हसूच आलं. मस काढला, लग्नही झालं. अमेरिका कसली, सिकंदराबादला.

परवा त्यांना भेटायला गेले. आता त्यांना अंधुक दिसतं, नावं तर मुळीच आठवत नाहीत. मुलानं "बाबा, तुमची विद्यार्थिनी" म्हणून दोनदा सांगितलं, तरी ते माझ्याकडे परक्यासारखे बघत राहिले. फार वाईट वाटलं मला. शेवटी बांगड्या वर सारून मनगट पुढे केलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मसावरून हळूच अंगठा फिरवला.

"दहावी ब," ते म्हणाले. "खिडकीजवळचं बाक." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "मी दोन खुणा लिहिल्या होत्या. दुसरी कुठाय?"

माझा हात आपसूक ओठावर गेला. "काढली, सर."

"असू दे," सर म्हणाले. "एकीवर हजेरी लावतो."