दाजींच्या जीपला लावलेला डबा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आधी आल्या आणि गाड्या मागून. भाड्याच्या घरांवर ताज्या रंगाच्या पाट्या लागल्या, पण साहेबांना गावोगाव फिरवायला जिपा पुरत नव्हत्या. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लातूरलाच राहायचे. त्यांनी लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेतली आणि ती घेऊन थेट नांदेडला माझ्याकडे आले.

मी तेव्हा तिशीचा होतो. गॅरेज उस्तादांचं, मी त्यांचा भागीदार. उस्तादांचं अर्धं आयुष्य गाड्यांच्या खाली उताणं पडून गेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्या जिपेत भंगारातल्या एका गाडीचं डिझेल इंजिन बसवलं. जीप चालली, आणि दाजींना काम मिळालं.

पुढच्या वर्षी पाऊस गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही. साहेब बाजूला राहिले आणि जिपेमागे ट्रॉली लागली. ट्रॉलीत पाण्याचे ड्रम. दिवसभर खडी फोडायच्या कामांवर आणि कोरड्या पडलेल्या गावांत पाणी पोचवायचं. आधीच थकलेलं इंजिन त्या ओझ्याने पार गेलं. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये शिरतो. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. तो वायू तेलाची वाफ घेऊन ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाला श्वास सोडायला ठेवलेल्या, नळीतून बाहेर पडतो. दाजींच्या जिपेत ही वाफ पत्र्याच्या भोकांतून सरळ त्यांच्या तोंडावर यायची. त्यांना खोकला लागला. बहीण मला म्हणाली की त्यांच्या अंथरुणालासुद्धा जळक्या तेलाचा वास येतो, यावर काहीतरी कर.

खरा इलाज एकच होता, इंजिन खोलून बोअर करून नव्या रिंगा टाकायच्या. पण त्याला आठ दिवस गाडी उभी राहिली असती आणि दाजी ऐकेनात. माणसं घागरी घेऊन बसून राहतात, म्हणाले. मग मी एक पत्र्याचा डबा घेतला, आत तारेची जाळी भरली, ब्रीदरची नळी त्यात सोडली. तेल जाळीला अडून डब्यात साचेल, असा तो बेत. उरलेली वाफ कुठे सोडायची हा प्रश्न राहिला. उस्ताद म्हणाले, नळी खाली रस्त्याकडे मोकळी सोड. मला ते गावठी वाटलं. मी ती नळी इंजिन जिथून हवा ओढतं त्या पाइपाला जोडली, म्हणजे वाफ आतच जळेल आणि वास म्हणून राहणार नाही.

उस्तादांनी ते पाहिलं. "रिंगा गेलेलं इंजिन हाय. डबा भरला तर ते आपलंच तेल पिईल, आन् मग चावीनं बंद होनार न्हाई."

मी म्हणालो, रोज सकाळी रिकामा केला तर भरेल कशाला. दाजींना तसं बजावून सांगितलं. ते हाव, करतो म्हणाले, आणि दुसऱ्या महिन्यात त्यांचा खोकला कमी झाला. बहीण माझ्यावर खूश होती. मीही स्वतःवर खूश होतो.

उन्हाळ्याच्या शेवटी एका खडीच्या कामावर ते झालं. भर दुपारी ट्रॉलीभोवती बायकांची रांग होती आणि जीप चालूच होती. इंजिनाचा वेग एकाएकी आपोआप चढायला लागला. दाजींनी डिझेल बंद केलं तरी आवाज वाढतच गेला, पांढऱ्या धुराने सगळं झाकलं. त्यांना पळता आलं असतं. त्यांनी आधी ओरडून बायकांना लांब घालवलं, मग बॉनेट उघडून इंजिनाची हवा कोंडायला हवेच्या पाइपावर पोतं दाबायला गेले. तेवढ्यात पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर आला. उकळतं तेल तोंडावर, आणि लोखंडाची कपची उजव्या डोळ्यात.

मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो त्याआधी जीप पाहून आलो होतो. डबा काठोकाठ भरलेला, पुढची नळी तेलाने चिंब. दाजींच्या तोंडाला पट्ट्या होत्या. ते सगळ्यांना सांगत होते की डबा रिकामा करायचा विसरलो, चूक माझीच. बहीण उशाशी बसून त्यांना बोल लावायची, एवढं एक काम होईना का तुमच्याच्यानं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ते ऐकत होतो. आठ दिवस ऐकलं.

नवव्या दिवशी त्या कामावरची एक बाई भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली की त्या दिवशी सकाळीच यांनी डबा ओतला होता, खाटेच्या ढेकणांसाठी ते काळं तेल तिनेच मागून घेतलं होतं.

ती गेल्यावर बहिणीने माझ्याकडे पाहिलं. "सकाळी वतला, तर दुपारी कसा भरला रे?"

दाजी म्हणाले, "जाऊ दे ना. त्याला गॅरेज चालवायचं हाय."

मग मी तिला सांगितलं. इंजिन इतकं गेलं होतं की चढावर ट्रॉली ओढताना अर्ध्या दिवसात डबा भरला. नळी मी हवेच्या पाइपाला जोडली होती आणि उस्तादांनी नको म्हटलं होतं. बहिणीने दाजींच्या अंगावरची चादर नीट केली आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. पुढची दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

डोळा गेलाच. दाजींना पुढे एका शाळेत शिपायाचं काम मिळालं, आणि तेही त्यांनी मन लावून केलं. मी महिन्यातून एकदा लातूरला जायचो. त्यांना उजवीकडचं दिसत नसे, म्हणून त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो. ते मुदखेडच्या आमच्या घरचं, आईच्या गुडघ्यांचं विचारायचे. त्या दुपारविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.