सौद्याबाहेरचं झाड

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरची बस लागली होती आणि माझे बाबा कंडक्टरशी भांडत होते. भांडण सामानाच्या तिकिटाचं. "पोट्टा पह्यल्या नोकरीवर चालला. पगाराचं तोंड नाही पाह्यलं अजून त्यानं, आन तुम्ही थैल्यायचं तिकीट फाडून राहिले?" कंडक्टर हरला. जिंकल्याबरोबर बाबांनी थैलीत हात घातला, चार टपोरी संत्री कंडक्टरच्या मांडीवर ठेवली, दोन ड्रायव्हरला दिली. तिकिटापेक्षा संत्र्यांचीच किंमत जास्त झाली असती. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आमच्या बाबांचं गणित कच्चं आहे.

थैल्या दोन होत्या. आईनं खिडकीतून परत बजावलं, "डागाचे तू खाजो. चांगले आहेत ते लोकाले देजो. उलटं नोको करू." मी उलटं केलं. नागपूरहून पुण्याच्या गाडीत रात्रभर चांगली संत्री सोलून खाल्ली आणि पुण्यात उतरल्यावर डागाची थैली घरमालकांच्या हातात दिली. त्यांनी एक संत्रं फिरवून पाहिलं आणि विचारलं, "नागपूरची संत्री अशी असतात का हो?" मी म्हणालो, "हो, अशीच." आमचं सौंसर मध्य प्रदेशात, त्यामुळे बदनामी झाली ती शेजारच्या राज्याची, एवढं समाधान मी मानून घेतलं.

पुण्यात कोणालाच सौंसर माहीत नव्हतं. "एमपीचे? मग तुम्हाला मराठी कसं येतं?" असं लोक कौतुकानं विचारायचे, जणू मी पोपट. पहिली काही वर्षं मी उत्तरं दिली, नंतर कंटाळून "नागपूर साइड" म्हणायला लागलो. शब्दही वाचतात. वाचवणं हा माझा धर्मच झाला होता. ऑफिसच्या पँट्रीतली साखरेची पाकिटं खिशात घेऊन घरी यायचो. मित्रांबरोबर जेवायला गेलो की बिल येताना मला हमखास फोन यायचा. एकदा तर फोन कानाला लावून "हां, हां, बोला" म्हणत असताना तो खरोखर वाजला. तेव्हापासून मित्र मला जेवायला बोलवताना "फोन घरी ठेवून ये" असं सांगायचे, मग बोलवेनासेच झाले. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच बचत.

आणि गंमत अशी, की हे सगळं मी बाबांकडून शिकलो असं मला मनापासून वाटायचं.

बाबांची काटकसर आमच्याकडे प्रसिद्ध. शर्टाची कॉलर विरली की उलटवून शिवून घ्यायचे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर कपाशीच्या फवारणीचे हिशोब लिहायचे. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे आणि त्यातला एखादा पुन्हा वाकला की जुना मित्र रुसल्यासारखे त्याच्याकडे पाहायचे. बोरगावच्या अलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. व्यापारी फळ झाडावर असतानाच अख्खा बगीचा विकत घेतो. तो सौदा करायला आला की बाबा सकाळपासून दुपार कलेपर्यंत एकाच आकड्यावर बसून राहायचे. व्यापारी दोनदा रुसून गाडीपर्यंत जायचा. दोनदा परत यायचा.

पण त्या सौद्यात एक झाड कधीच नसायचं. विहिरीजवळचं, गाडीरस्त्याला लागून असलेलं. आमच्याकडे बरेच जण असं एखादं झाड सौद्याबाहेर ठेवतात. त्याचं फळ माहेरी आलेल्या लेकींचं, पाहुण्यांचं, रस्त्यानं जाणाऱ्याचं. ते मोजायचं नाही, विकायचं नाही. आम्ही घरचे खायचो ती गळून पडलेली. मी लहानपणापासून हे पाहिलं, पण पाहताना माझं सगळं लक्ष कॉलरवर आणि साबणावर राहिलं. झाड माझ्या हिशोबात आलंच नाही.

मागच्या वर्षी आई गेली. बाबा घरात एकटे. स्वयंपाक करायचे, दोन भाकरी थापायचे, एक सकाळी, एक संध्याकाळी. मी फोनवर रोज मागे लागलो, "पुण्याले या. कायमचे या." माझी बायको ज्योती पांढुर्ण्याची, मास्तरांची मुलगी, तिनंही सांगितलं, "बाबा, या ना जी, मलेही कोणी आपल्यासारखं बोलणारं पाह्यजे घरात." शेवटी हिवाळ्यात ते आले. सोबत एक पेटी कपड्यांची, म्हणजे राहायच्या तयारीनं. आणि संत्र्यांचे दोन क्रेट.

"हे तुह्या बिल्डिंगीतल्या लोकायसाठी," बाबा म्हणाले. "घरचे आहेत, विहिरीजवळच्या झाडाचे."

मी दोन क्रेट पाहिले. मग बिल्डिंगमधले लोक आठवले. कोणाचंच नाव आठवेना, फ्लॅट नंबर आठवले. अशा अनोळखी माणसांना फुकट काय द्यायचं? फ्लॅटचा हप्ता डोक्यावर. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला : "थेट बागेतून! नागपुरी संत्री, केमिकल-फ्री, मर्यादित स्टॉक." भाव बाजारापेक्षा थोडा कमी ठेवला, उदार वाटावा एवढाच. बाबा दुपारी झोपले असताना पिशव्या भरभरून पोचवल्या. ज्योतीला आणि बाबांना सांगितलं, वाटून आलो. बाबा खूश झाले. म्हणाले, "का म्हनले लोकं?" मी म्हणालो, "गोड आहेत म्हनले." तेवढं तरी खरं होतं.

दोन दिवसांनी मी घरून काम करत होतो. कॅमेरा चालू, कानात हेडफोन, साहेब बोलत होते. बेल वाजली असावी, बाबांनी दार उघडलं. समोरच्या शिंदेवहिनी होत्या. मला ऐकू काही येत नव्हतं, पण त्यांनी पर्समधून नोटा काढलेल्या दिसल्या. मी खुर्चीतून अर्धा उठलो. साहेब म्हणाले, "यू वॉन्ट टू से समथिंग?" मी परत बसलो. बाबांनी नोटांकडे पाहिलं. मग वहिनींकडे. मग हळूच माझ्याकडे. मग आत गेले, उरलेली सगळी संत्री पिशवीत घातली, त्यांच्या हातात दिली आणि नोटांवरून हात नकारार्थी हलवला. माझं पाप मी असं मूकपटात उघडं पडताना पाहिलं आणि तेवढ्यात माझ्या प्रोजेक्टची तारीखही मान्य करून बसलो, कारण मी मान डोलवत होतो.

संध्याकाळी ज्योती कामावरून आली, तिला कळलं आणि तिनं ग्रुपवरचा माझा मेसेज बाबांसमोर मोठ्यानं वाचला. ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, लोक चोरून माल विकतात. तुम्ही स्वतःच्या बापाचा आहेर चोरून विकला. कंजूष माणूसही एवढी मेहनत नाही घेत."

बाबा बाल्कनीत बसले होते. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नागपूरचे म्हणून इकले?"

"हाव."

"आपल्या झाडाले दुसऱ्याच्या गावचं केलं," बाबा म्हणाले. "मी तं आपला समजत होतो, पोरगा माह्यासारखा निघाला. फोनवर तू सांगायचा, हे वाचवलं, ते वाचवलं. तुही माय म्हणायची, थो तुमच्यासारखा नाही जी, वेगळाच आहे. मी तिच्याशी भांडलो त्यापायी."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही नाही का वाचवत? कॉलर उलटवता."

"कॉलर माह्या गळ्याची आहे." बाबा माझ्याकडे वळले. "मी माह्या गळ्याले कमी करतो, दुसऱ्याच्या हाताले नाही. वर्षभर ओढाताण कायच्यासाठी करतो मी? दारात कोणी आलं तं आपला हात आखडू नये म्हणून. तू सांग मले, तू कोणासाठी वाचवून राहिला?"

मला हप्ता म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण हप्ता पगारातून व्यवस्थित जातो. खरं उत्तर होतं ते मलाच तेव्हा दिसलं, आणि तुम्हीही गाव सोडून आला असाल तर तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. मी भीतीनं वाचवत होतो. उद्या काही झालं तर या शहरात मला कोण कपभर चहा देईल, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं, आणि मग मीही कोणाला कपभर चहा दिला नाही. तिकडे बाबांची कॉलर उलटी असली तरी त्यांच्यामागे अख्खं गाव उभं होतं. माझ्यामागे फक्त बचत उभी होती, आणि तिला पाठ टेकता येत नव्हती. म्हणून मी सतत उठत-बसत असे. कोणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन पंखा बंद. फोन उघडून बाकी किती ते पाहायचं. पुन्हा पाहायचं.

"पैसे वापस कर," बाबा म्हणाले. "मीही येतो संगं."

आता ऐका माझी फजिती. पैसे मागायला गेलेल्या माणसावर जग विश्वास ठेवतं. परत द्यायला गेलेल्यावर अजिबात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी नोट हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "परत का देताय? संत्र्यांत काही निघालं का?" मी म्हणालो, नाही हो, सहज. "सहज कोणी पैसे परत देतं का?" त्यांच्या सौभाग्यवतींनी आतून विचारलं, "फवारलेली होती का? केमिकल-फ्री लिहिलं होतं ना?" मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ग्रुपवर मेसेज पोचला होता : ज्यांनी संत्री खाल्ली त्यांनी कृपया लक्षणांकडे लक्ष द्यावे. चौथ्या मजल्यावर एका बाईंना मळमळ सुरू झाली.

लिफ्टसमोर माणसं जमली. मी खुलासा करायला तोंड उघडलं, की कोणी तरी विचारायचं, "पण मग परत का देताय?" शेवटी बाबा पुढे झाले. एकाच्या पिशवीतून एक संत्रं घेतलं, उभ्या उभ्या सोललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. "पाहा जी, मी खाऊन राहिलो. काही नाही निघालं संत्र्यात. जे निघालं ते पोराच्या डोक्यात निघालं. हे झाड आमच्यात इकत नाहीत, पाहुण्यासाठी ठेवतात. यानं इकलं. म्हणून पैसे वापस." निवृत्त गृहस्थ हसले, मग सगळेच. मळमळणाऱ्या बाईंनी आणखी दोन मागितली.

त्या दिवसानंतर बाबांना बिल्डिंगमध्ये मी कमी आणि लोक जास्त भेटायला लागले. वॉचमनच्या मुलीच्या परीक्षेची काळजी त्यांना. शिंदेवहिनींच्या सासूबाईंचे गुडघे त्यांना माहीत. मी इतकी वर्षं हप्ते भरतोय, घर माझ्या नावावर, पण पार्किंगमधून चालताना लोक मला "काकांचा मुलगा ना?" म्हणायचे.

मला वाटलं, जमलं. बाबा आता राहतील. आणि एका सकाळी ते पेटी भरायला बसले.

"रागावले का जी?" मी विचारलं.

"नाही रे."

"मंग?"

बाबा बराच वेळ सदऱ्याची घडी घालत बसले. "मी पाणी प्याले उठलो का तू पंखा बंद करतो. वाईट मनानं नाही करत, मले समजते. आदत आहे तुही. पण जठी मोजून चालते, तठी म्हाताऱ्या माणसानं राहू नये. मी तुले खर्च वाटीन एक दिवस. तुले नाही वाटला तं मलेच वाटीन."

मी पेटी उचलली. ज्योती स्वयंपाकघरात रडली आणि मग मला म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं बचत करून काय कमावलं बघा, सासरा घालवला."

आता मी सुधारतो आहे, असं माझं म्हणणं. ज्योतीचं वेगळं आहे. पंख्याच्या बटणाकडे हात जातो, मी तो डोक्यावरून फिरवतो, जणू केसच नीट करायचे होते. बाबांना रोज फोन करतो. ते तिथं एकटे, दोन भाकऱ्यांत दिवस काढतात, मी इथं तीन खोल्यांत फेऱ्या मारतो. घर म्हणजे काय, असं मला विचाराल तर इतकंच सांगता येईल की ते सौंसरला उरलं नाही आणि इथं अजून झालं नाही. आई गेल्यापासून तिकडचं दार वाजवणारे कमी झालेत, आणि इकडचं दार मी आत्ता कुठं उघडं ठेवायला शिकतोय.

काल फोनवर पुन्हा विचारलं, "बाबा, येता का आता? खरं सांगा."

ते बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात शिंदेवहिनी, हातात झाकलेली वाटी. "काका आले का परत, विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही, पण बसा ना, चहा घ्या." "नको, नको." "घ्या हो." "अहो, कशाला?" एरवी मी पहिल्या 'नको'वरच आभार मानून दार लावलं असतं. मी तिसऱ्यांदा म्हणालो, आणि वहिनी चप्पल काढून आत आल्या.

फोनमधून आवाज आला, "कोण आहे रे?"

"समोरच्या वहिनी आहेत, बाबा. बसल्यात. तुम्ही सांगा ना, येता का?"

"अरे, मंग माह्याशी का बोलत बसला? चाय मांड ना आधी," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.