लिफाफ्यातला फोटो

इंदूरहून देवासला परतणाऱ्या बसमध्ये मी पत्रकं वाटत होतो: मेंदूचा स्कॅन आपल्या गावातच झाला पाहिजे! शेजारचे म्हातारे काका पत्रक न वाचताच खिडकीशी बसलेल्या बायकोकडे बघत म्हणाले, “भिया, ही सगळं विसरायची आणि नाटकं करते म्हणून मी ओरडायचो. दोन वर्षं. आज स्कॅनमध्ये दिसलं, अल्झायमर आहे.”

दोन वर्षं! गावात मशीन नाही म्हणून मी संतापून बोलतच सुटलो. काका मात्र संत्र्याच्या बिया काढून एकेक फोड बायकोच्या हातात ठेवत होते.

काकूंनी मांडीवरच्या लिफाफ्यातून स्कॅनची फिल्म काढली. “हा कुणाचा हो फोटो?”

“माझा,” काका म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला. “घाबरू नका. मी आहे ना.”

माझ्या पत्रकात या दोघांसाठी एकही ओळ नव्हती.